खिळ्यावरचा डबा

पहिली कोंबडी माझ्या खांद्यावर आदळून पायाशी पडली. ती मेलेली आहे हे मला लगेच कळलं नाही, कारण ती अजून गरम होती. दुसरी केरबा नानांच्या टेबलावर पडली आणि पाण्याचा तांब्या लवंडला. मग दारातून, खिडकीच्या गजांमधून त्या येतच राहिल्या. खोलीभर पिसं उडाली आणि पॅनेलवरच्या लाल-हिरव्या दिव्यांसमोर तरंगत राहिली.

“घ्या,” बाहेरून आवाज आला. “ऑफिसात शिजवून खा. अजून टेम्पोभर हायत.”

मे महिना होता. सरकारी वीज कंपनीच्या भोगलगाव फाट्यावरच्या उपकेंद्रात मी शिकाऊ उमेदवार होते. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला की वर्षभर असं शिकायचं, थोडं विद्यावेतन घ्यायचं आणि शेवटी प्रमाणपत्र. ते हातात असलं की भरतीत आपली वेगळी रांग लागते. माझं वर्ष संपत आलं होतं. आईनं तर गल्लीत केव्हाच सांगून टाकलं होतं, की मंजू बोर्डात लागली.

केरबा नाना तिथले ऑपरेटर. निवृत्तीला टेकलेले, चहात बिस्किट बुडवून बोटानं काढणारे. मला त्यांनी वर्षभरात सगळं शिकवलं, तेही न रागावता. लाइनवर काम करायचं असेल तर वायरमन उपकेंद्रात येऊन परमिट घेतो. आम्ही लाइन बंद करतो, यार्डातला मोठा स्विच उघडून त्याला कुलूप घालतो. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच येऊन सही करून परत दिलं, की कुलूप काढायचं. हा कंपनीचा नियम. त्यावर नानांचा स्वतःचा एक होता. पोलवर जो चढणार त्यानं आपला जेवणाचा डबा आमच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवून जायचा आणि उतरल्यावर स्वतःच्या हातानं काढून न्यायचा. खिळा मोकळा दिसल्याशिवाय नाना कुलपाला हात लावत नसत.

“सही कुणी बी करतंय,” ते म्हणायचे. “दुसऱ्याची भूक कुणी घेऊन जात न्हाई.”

त्या दिवशी खिळ्यावर सोनाजीचा डबा होता. नारिंगी कापडी पिशवीत.

सोनाजी कंपनीचा कुणीच नव्हता. आमचे वायरमन सातपुते; त्यांचे गुडघे आणि पोट दोन्ही पोलावर चढायच्या कामाचे राहिले नव्हते. परमिट त्यांच्या नावानं निघायचं आणि वर सोनाजी चढायचा. अशा माणसाला आमच्या भागात झिरो वायरमन म्हणतात. हजेरी नाही, पगार नाही, सातपुते खिशातून देतील ते. झिरो वायरमन सापडला तर वायरमनची नोकरी जाईल, असा वरून कडक आदेश होता. म्हणून सातपुते सोनाजीला कधी मोटारसायकलवर मागं बसवून थेट उपकेंद्रापर्यंत आणत नसत. फाट्याच्या अलीकडं उतरवत आणि तो पायी यायचा.

आदल्या संध्याकाळच्या वावटळीनं भोगलगावची लाइन शिवारात तुटून पडली होती. सकाळी सोनाजीनं डबा अडकवला, मोबाइल पिशवीत टाकला (चढताना खिशातून पडतो म्हणून) आणि सेफ्टी बेल्ट खांद्यावर घेतला. जाता जाता म्हणाला, “म्याडम, तुमच्या भरतीत झिरोची एखादी जागा निघती का बघा.”

मी म्हटलं, निघाली तर पहिला अर्ज तुमचा.

“लवकर बघा. लेकीला दात आलाय. कालपासून दिसंल त्याचं बोट चावती.”

एवढं बोलून तो गेला. त्यानंतर आल्या त्या कोंबड्या.

दारात उत्रेश्वर होता. भोगलगावात पोल्ट्रीची पहिली शेड त्यानं टाकली. त्याचं बघून गावातल्या सात-आठ पोरांनी टाकल्या. ब्रॉयलर पक्ष्याचं असं असतं, की उन्हाळ्यात पंखे आणि पाण्याचे फवारे थांबले की तो चोच उघडून धापा टाकतो आणि मग रांगेनं पडत जातो. रात्रभर त्यांनी जनरेटर चालवला होता. सकाळी तोही बसला. ही सगळी पोरं पहाटेपासून मेलेले पक्षी उचलत होती. त्यांच्या हातांना, शर्टांना पिसं चिकटलेली होती. उत्रेश्वरच्या भुवईवर एक होतं आणि ते त्याला माहीत नव्हतं.

नानांनी त्याला समजावून सांगितलं. लाइन तुटली आहे, काम चालू आहे, परमिट बाहेर आहे, दम धर. उत्रेश्वरनं शांतपणे ऐकलं. मग मागं वळून म्हणाला, “आणा त्याला.”

त्यांनी सातपुत्यांना आत ढकललं. फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिताना सापडले होते. शर्टाची बाही खांद्यापासून फाटलेली, ओठ सुजलेला.

“परमिट ह्याच्या नावावर हाय ना?” उत्रेश्वर म्हणाला. “हा तर हितं भजी खातोय. मग पोलवर कोण हाय?”

सातपुत्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग नानांकडं.

“कुणी न्हाई,” ते म्हणाले. “काम झालंय. मी परमिट परत करायलाच येत होतो.”

आणि त्यांनी खरोखर टेबलावरचं पेन उचललं. परमिटवर सही केली. शाईला कोंबडीचं रक्त लागलं.

मी खिळ्याकडं पाहिलं. पिशवी तिथंच होती.

मी म्हटलं, सोनाजी पोलवर आहे. तो उतरल्याशिवाय लाइन चालू होणार नाही. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला. उत्रेश्वरनं सातपुत्यांच्या मानगुटीला धरलं आणि विचारलं, कोण सोनाजी. सातपुते म्हणाले, असाच गावातला एक, कधीमधी तारा ओढू लागतो, आज आलाच नाही.

“फोन लाव त्याला.”

सातपुत्यांनी फोन लावला. आणि खिळ्यावरच्या नारिंगी पिशवीत घंटी वाजायला लागली.

ती वाजत असताना सातपुत्यांचा चेहरा मी पाहिला. तोवर त्यांनाही वाटत असावं की सोनाजी एव्हाना उतरला असेल, कुठंतरी झाडाखाली बसला असेल. आता त्यांना कळलं की त्यांना काहीच माहीत नाही. एक क्षण वाटलं, हा माणूस खरं बोलेल.

“कालचा डबा हाय तो,” सातपुते म्हणाले. “इसरून गेला काल.”

उत्रेश्वर नानांकडं वळला. त्याच्या पुतण्यानं, अंगदनं, आमचं लोखंडी स्टूल उचललं होतं. अंगद माझ्याच वयाचा असेल. डोळे रडून लाल झाले होते.

“नाना, तू म्हातारा माणूस हायस. खोटं बोलू नको. डबा कालचा का आजचा?”

“आजचा,” नाना म्हणाले.

स्टूल त्यांच्या कानावर बसलं. नाना टेबलाला धरत खाली गेले. मी त्यांच्याकडं धावले तर कुणीतरी माझी वेणी धरून मला भिंतीवर आपटलं. अंगदनं पुन्हा स्टूल उचललं. उत्रेश्वरनं त्याला थांबवलं नाही, फक्त पुन्हा तेच विचारलं, त्याच आवाजात. दुसरा फटका पाठीवर बसला. तिसरा हातावर, कारण त्यांनी डोकं हातानं झाकलं होतं. तिसऱ्याला ते ओरडले नाहीत, नुसते हुं म्हणाले, ओझं उचलताना म्हणतात तसं.

“कालचा का आजचा?”

नानांनी मान वर केली. एका डोळ्यात रक्त उतरलं होतं. त्यांनी खिळ्याकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं.

“कालचा,” ते म्हणाले. “कुलूप काढ, पोरी. चालू कर.”

मला वाटतं त्या खोलीत मला बसलेला सगळ्यात मोठा मार तोच.

मध्येच माझ्या लेकीची झोळी हलवायला उठले होते. कुरकुर थांबली, आता पुढचं लिहिते.

कुलपाची किल्ली माझ्या ड्रेसच्या खिशात होती. सही झालेली होती. ऑपरेटरनं हुकूम दिलेला होता. कागदाप्रमाणं मी कुलूप काढून लाइन चालू केली असती तर मला कुणी बोट लावलं नसतं, आणि नानांना चौथा फटका बसला नसता. भोगलगावच्या शिवारात एका पोलवर बेल्ट बांधून, उघड्या हातांनी तार जुळवत बसलेला एक माणूस, एवढंच आड येत होतं. तोही मला दिसत नव्हता. दिसत होते ते नाना.

मी म्हटलं, काढते. त्यांनी वेणी सोडली. मी दारातून बाहेर पडले, यार्डाचं फाटक उघडलं. यार्डात सगळीकडं वीतभर जाडीच्या थरानं काळी खडी पसरलेली असते. तिथं किल्लीएवढी वस्तू पडली तर शोधायला दिवस जावा. मी खिशातून किल्ली काढली आणि असेल नसेल त्या जोरानं आत फेकली. ती कुठं पडली हे मी मुद्दाम पाहिलं नाही.

मागं ओरडा झाला. मी फाटक लावायला वळले, पण अंगद माझ्या अंगावरून आत घुसला होता. त्याच्या हातात आता पाण्याच्या लाइनचा लांब लोखंडी पाइप होता. त्याला स्विचचं कुलूप उचकटायचं होतं. पाइप त्यानं भाल्यासारखा उभा धरला होता आणि वर, त्याच्या डोक्यावर, दुसऱ्या गावांची लाइन चालू होती. तिला हात लावावा लागत नाही. जवळ गेलं तरी ती माणसाला ओढून घेते.

मी ओरडले. त्याला वाटलं मी शिव्या देते आहे.

फाटकाला टेकवून आमचा डिस्चार्ज रॉड ठेवलेला असतो. बंद लाइनमधला उरलासुरला करंट जमिनीत सोडायचा, पुरुषभर उंचीचा दांडा. तो मी उचलला आणि दोन्ही हातांनी अंगदच्या कोपरावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वाळलेली पऱ्हाटी मोडते तसा. पाइप खडीवर आडवा पडला. अंगद आपल्या हाताकडं बघत राहिला. हात जिथं वळायला नको तिथं वळला होता.

मग ते सगळे माझ्यावर आले. यार्डात कुणी पाइप-काठी घेऊन येऊ नये म्हणून मी फाटकाबाहेर पळाले, एवढं आठवतं. पुढचं तुकड्यांत आहे. चपला, बूट. तोंडात पिसं. कुणीतरी सारखं म्हणत होता, बाईमाणूस हाय, सोडा. आणि तोही मारत होता. डावा हात माझ्या अंगाखाली आला, त्यावर कुणीतरी उभं राहिलं, आणि तोच आवाज मी दुसऱ्यांदा ऐकला. माझ्या आईला मी हाक मारली की नाही ते माहीत नाही. उत्रेश्वर मारत नव्हता. तो उकिडवा बसून माझ्या तोंडाशी तोंड आणून विचारत होता, किल्ली कुठंय. विनवत होता खरं तर. त्याच्या भुवईवरचं पीस अजून तिथंच होतं.

त्याचा फोन वाजला.

त्यानं ऐकलं. उठला आणि एकेकाला मागं ओढायला लागला. एकाला त्यानं कानफटात मारली.

“बास,” तो म्हणाला. “आता चालू करून काय करायचंय. संपलं समदं.”

त्यांनी अंगदला टेम्पोत मेलेल्या कोंबड्यांशेजारी बसवलं आणि गेले. जाताना उत्रेश्वरनं यार्डाचं फाटक लावून घेतलं. का, कोण जाणे. सवय असेल, शेडचं दार लावायची.

सातपुते पायरीवर बसून होते. त्यांनी मला पाणी दिलं नाही, नानांनाही नाही. हातातल्या फोनकडं बघत होते.

ऊन थोडं कललं तेव्हा फाट्याकडून सोनाजी आला. खांद्यावर बेल्ट, तोंड उन्हानं काळं पडलेलं. सातपुते न्यायला आले नाहीत म्हणून चालत आला होता. लांबूनच हसत म्हणाला, जोडली, घ्या लाइन. मग त्याला पिसं दिसली. मग मी दिसले.

तो आत गेला. नाना टेबलाच्या पायाला टेकून बसले होते. सोनाजीनं त्यांचं डोकं आपल्या रुमालानं बांधलं. मग सवयीनं हात वर करून खिळ्यावरचा डबा काढला. नाना त्या रिकाम्या खिळ्याकडं बघत राहिले आणि त्यांच्या तोंडातून जे निघालं त्याला रडणं म्हणता येणार नाही. मी तसा आवाज त्याआधी ऐकला नव्हता. त्यानंतर फक्त एकदा ऐकला आहे, दवाखान्यात, माझा स्वतःचा, लेक झाली तेव्हा.

किल्ली सोनाजीनंच शोधली, खडीत गुडघ्यांवर रांगत.

चौकशी पुढच्या महिन्यात लागली. माझा हात प्लास्टरमध्ये होता. नानांचा तो कान कायमचा गेला. ते दवाखान्यातून आले नव्हते. उत्रेश्वरच्या लोकांनी वकिलाकरवी सांगितलं, की आम्ही कुणाला हात लावलाच नाही. सातपुत्यांनी लिहून दिलं, की मी परमिट वेळेवर परत केलं, शिकाऊ मुलगी घाबरली आणि तिनं किल्ली फेकली.

तालुक्याच्या ऑफिसात नागापूरकर साहेबांनी मला समोर बसवलं. वाईट माणूस नव्हता. चहा मागवला, कपाची कडी माझ्या उजव्या हाताकडं वळवून ठेवली.

“हे बघ बाळ,” ते म्हणाले. “माझ्यापुढं दोनच रस्ते आहेत. पोलवर कुणी होतं असं तू म्हणालीस, तर तो कंपनीचा माणूस नव्हता. मग तो आमच्या लाइनवर काय करत होता? सातपुते म्हणतील, आकडा टाकायला चढला होता. मला त्याच्यावर वीजचोरीची केस करावी लागेल, सातपुतेंना घरी पाठवावं लागेल आणि तुझं नाव साफ होईल. आणि पोलवर कुणीच नव्हतं, तर परमिट परत झालेलं असताना तू लाइन रोखलीस, त्यातून मारहाण झाली, एका मुलाचा हात तू मोडलास. मग तुझी उमेदवारी मी चालू ठेवू शकत नाही. प्रमाणपत्र विसर. भरतीत तुझं नाव पुन्हा आलं तरी ही फाइल आडवी येईल.”

मी चहा प्यायले नाही.

“मी तुला काय सांगायचं ते सांगत नाही,” ते म्हणाले. “नीट आठव. पोलवर कोण होतं?”

ऑफिसचं दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर सोनाजी बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आदल्या दिवशी तो आमच्या घरी आला होता आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला होता, म्याडम, मी येऊन खरं सांगतो, काय व्हायचं ते होऊ द्या. त्याच्याशेजारी त्याची बायको आशामती होती, कडेवर लेक घेऊन. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिनं मुलीच्या पायातला सैल झालेला काळा दोरा घट्ट केला, सोडला, पुन्हा घट्ट केला.

“कुणी नव्हतं, साहेब,” मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं. मी उजव्या हातानं सही केली.

त्या वर्षीची भरती झाली, त्याच्या पुढचीही. आईनं गल्लीत काय सांगितलं मला माहीत नाही; माझ्याजवळ तिनं तो विषय काढला नाही. मी आता जळलेल्या मोटारी भरून देते. नवऱ्याचं दुकान आहे, त्यातलं ते अर्धं टेबल माझं. नाना होते तोवर मी जाऊन त्यांना भेटायचे. बऱ्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागे. प्रत्येक वेळी निघताना ते एकच विचारायचे, त्यानं डबा नेला ना. मी म्हणायचे, नेला, नाना.

ऑफिसातून बाहेर आले तेव्हा सोनाजी उभा राहिला. मी म्हटलं, घरी जा. तो तसाच उभा. आशामतीला मात्र कळलं. ती बाकावरून उठली, माझ्यापर्यंत आली, पायाला हात लावायला वाकणार तोच मी मागं सरले. मग तिला काय करावं सुचेना, म्हणून तिनं लेक उचलून माझ्या कडेवर दिली.

एका हातानं लेकरू सांभाळायची मला तेव्हा सवय नव्हती. मी बाकावर बसले. पोरीनं आधी प्लास्टरवर थापट्या मारल्या, मग माझ्या बऱ्या हाताचं बोट मुठीत धरून तोंडात घातलं आणि कडकडून चावलं.

दात खरंच आला होता.